वाड्याचं धुणं

“एवढ्या लांब? वाड्याजवळ दोरी बांधायला जागा नव्हती का?”

आई वाटेत मधोमध थांबली होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात चिवड्याची पुडी, आणि हिशेब लागत नसला की होतो तसा चेहरा. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडच्या रम नावाच्या बेटावर आम्ही दोघी किनलॉकहून किलमोरीला चाललो होतो. अंतर आठ किलोमीटर, म्हणजे येऊन-जाऊन सोळा. आणि तिथे जाऊन बघायचं काय, तर एका लाँड्रीच्या पडक्या भिंती.

हे मी तिला निघताना सांगितलं नव्हतं. “छान वाळूचा किनारा आहे, हरणं दिसतात,” एवढ्यावर तिला उठवलं होतं. दोनदा वारी केलेली बाई, सोळा किलोमीटरला ती भीत नाही. पण लाँड्री हा शब्द माझ्या तोंडून गेला आणि ती थांबलीच.

“कुणाची लाँड्री?”

“काल धक्क्यावरून तो लाल दगडाचा वाडा दिसला ना, त्याची.”

“आणि वाडा तिकडे.”

“हो.”

“आणि धुणं इकडे.”

मग तो दोरीचा प्रश्न आला. खरं सांगायचं तर त्या प्रश्नासाठीच मी तिला एवढ्या लांब आणलं होतं. ग्लासगोत राहायला लागल्यापासून मी या देशातले पुष्कळ किल्ले पाहिले. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी मला तलवारी, तैलचित्रं आणि राणी झोपली होती तो पलंग दाखवला. त्या पलंगावरची चादर कोण धुवायचं, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. आईला सुचलं असतं. तिच्या आईने, म्हणजे माझ्या आजीने, दुसऱ्यांच्या चादरी धुतल्या आहेत.

बेटाचं नाव आधी निस्तरते. “आम्ही रमला चाललोय” असं आईने डोंबिवलीला फोन करून सांगितलं, तेव्हा पलीकडून मामा इतका हसला की तिने फोन ठेवून दिला. हे नाव जॉर्ज बुलोलाही सोसलं नव्हतं. किनलॉकचा वाडा बांधणारा हाच. आपण दारूच्या नावाच्या बेटाचे मालक म्हणून ओळखले जावं, हे त्याला पटेना, म्हणून त्याने इंग्रजी स्पेलिंगमध्ये मध्येच एक ‘एच’ घुसवला. तो ‘एच’ पुढे बरीच वर्षं नकाशांवर राहिला. आता नाही. श्रीमंत माणसाला बेट विकत घेता येतं, त्याचं नाव काही केल्या पचत नाही, असा आईचा शेरा.

बेट जेमतेम शंभर चौरस किलोमीटरचं. २०११ च्या जनगणनेत इथली वस्ती होती २२ माणसं. आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत एका मजल्यावर याहून जास्त आहेत. मुख्य भूमीवरच्या मॅलेग बंदरातून बोट येते, तीही रोज नाही, त्यामुळे आलात की मुक्काम आलाच. पाहुण्यांना गाडी आणता येत नाही. आणि ढग हे या बेटाचे कायमचे रहिवासी, जनगणनेत धरत नाहीत इतकंच.

जॉर्जचे आजोबा जेम्स बुलो हे लँकेशायरचे विणकर. हा माणूस डोक्याने तयार. १८४२ मध्ये ब्लॅकबर्नला त्याने आणि विल्यम केनवर्दीने मिळून यंत्रमागात ज्या सुधारणा केल्या, त्यातून ‘लँकेशायर लूम’ म्हणून ओळखला जाणारा माग उभा राहिला. त्यातली एक युक्ती अशी, की बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा तुटला की माग आपोआप थांबतो. विणकराला सारखी नजर ठेवून बसावं लागत नाही, म्हणजे एका माणसाकडे जास्त माग देता येतात. जेम्सचा मुलगा जॉन याने ॲक्रिंग्टनच्या ‘हॉवर्ड अँड बुलो’ या कारखान्याचा पसारा वाढवला. सूत काढायची रिंग फ्रेम यंत्रं तिथून जगभर जायची. १८८८ मध्ये जॉनने हे अख्खं बेट विकत घेतलं, शिकारीसाठी. तीन वर्षांनी तो वारला आणि ऐन विशीत बेट, कारखान्यातला वाटा आणि पैसा जॉर्जच्या हाती आला.

हे सगळं मी आईला मराठीत सांगत होते आणि ‘लँकेशायर लूम’वर ती पुन्हा थांबली.

“लँकेशायरचा साचा? आप्पा चालवायचे तो?”

तोच. म्हणजे त्याच जातीचा. माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत विणकर होते, गिरणगावच्या भाषेत साचेवाले. दोन साचे त्यांच्याकडे. मुंबईच्या गिरण्यांत एकामागे दोन साचे हा रिवाज होता आणि ते तीन-चार करायच्या मालकांच्या खटपटीवरून १९२८ मध्ये मोठा संप झाला होता, तो आप्पांच्या वडलांनी पाहिलेला. मग आई रस्ताभर आप्पांबद्दल बोलत राहिली. धोट्यात, म्हणजे बाण्याचा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी नावेत, नवी कांडी भरली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायला आप्पा तोंड लावून श्वास आत ओढायचे. दिवसातून किती वेळा, त्याला गणती नाही. घरी आले की आधी खाकरायचे, चूळ भरायचे, आणि मोरीत कापसाचे तंतू पडायचे. कानाने ते लवकर गेले. साच्यांच्या खडखडाटात चाळीस वर्षं काढल्यावर घरात कुणी हळू बोललं की ते चिडायचे, आपल्यापासून काही लपवतायत म्हणून.

“म्हणजे या बुलोचा वाडा,” आई म्हणाली, “थोडाफार आपल्या आप्पांचाच की.”

मी म्हटलं, इतकं सरळ नसतं ते. ती म्हणाली, “मी कुठे सातबारा मागतेय!”

वाटेत एक फुटलेलं धरण लागतं. बुलोच्या आधी या बेटाचे मालक सॉलिस्बरीचे लॉर्ड होते, त्यांना नदीत मासे वाढवायचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांनी मोठा खर्च करून धरण बांधलं, आणि ते बांधून होताच फुटलं. कुणाची काय हौस. आम्ही तिथे बसून थालीपीठ खाल्लं. आईने दगडांची बांधणी निरखून “चुना कमी घातला असेल” असं निदान केलं आणि पुढे निघालो.

किनलॉकच्या वाड्याबद्दल इंटरनेटवर जितकं सापडतं तितकं वाचलं तरी संपत नाही. काम सुरू झालं १८९७ मध्ये, तीनेक वर्षांत उभं राहिलं. दगड इथला नाही, ॲरन बेटावरून बोटीने आणलेला लाल वालुकाश्म. बागेसाठी मातीसुद्धा एअरशरहून बोटी भरभरून आणली. काचेच्या घरांत द्राक्षं, अंजिरं, पीच. स्वतःची जलविद्युत. जिन्याखाली ऑर्केस्ट्रियन नावाचं एक जंगी वाद्य, छिद्रं पाडलेल्या कागदाची गुंडाळी घातली की अख्ख्या बँडचा आवाज करणारं. आणि न्हाणीघरं. मला या वाड्यातली सगळ्यात भारी वस्तू तीच वाटते. टबाच्या डोक्याशी लाकडी कोनाड्यासारखा उभा आडोसा, त्यावर तोट्यांची रांग, आणि एकेक तोटी फिरवली की पाणी निराळ्या तऱ्हेने येणार. कधी वरून पाऊस, कधी चोहोबाजूंनी फवारा, कधी लाट, कधी खालून कारंजं. आता वाडा बंद आहे, ओल आणि गळती यांनी खिळखिळा झालेला, म्हणून हे सगळं मी आईला मोबाइलवरच्या फोटोंत दाखवलं.

तिने फोटो दोन बोटांनी मोठा केला. “अंग धुवायला पाच तोट्या,” ती म्हणाली. “आणि टॉवेल?”

टॉवेल आठ किलोमीटरवर.

मुळात हे कुटुंब इथे राहायचं किती, तर वर्षातले काही आठवडे. शरद ऋतूत हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो, तेवढ्यापुरती पाहुण्यांसह स्वारी यायची, त्यांच्या ‘रूमा’ नावाच्या आगबोटीतून. १९०३ मध्ये जॉर्जचं मोनिकाशी लग्न झालं. त्यानंतरची दहा-अकरा वर्षं म्हणजे वाड्याची भरभराट, आणि १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं तशी ती ओसरली. त्या आठवड्यांत धुणं किती पडत असेल, याचा अंदाज आईनेच बसवला. प्रत्येक पाहुण्याला दोन चादरी आणि उशीचे अभ्रे, ते दर दोन-तीन दिवसांनी बदलायचे. जेवणाच्या मेजावरची लांबलचक पांढरी कापडं. हात पुसायचे कापडी रुमाल, प्रत्येक जेवणाला नवे. पुरुषांच्या छातीला ताठ खळ दिलेले सदरे, सुटे गळपट्टे. बायकांच्या झालरी. पुन्हा शिकार म्हणजे चिखल, रक्त आणि पाऊस. “आणि न्हाणीघर तसलं,” आई म्हणाली, “म्हणजे माणशी टॉवेल दोन धर.”

तिने बोटांवर मोजलं आणि शेवटी नुसताच हात झटकला.

किलमोरी दिसतं ते अचानक. दरी रुंदावते, नदी आळसावते, आणि समोर हिरवळ, वाळू, समुद्र, आणि समुद्रापार स्काय बेटाच्या कुलिन डोंगरांची करवत. ऊन पडलं होतं. वारा मात्र असा की आईने पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधून टाकली.

लाँड्री म्हणजे आता दगडी भिंती. वर छप्पर नाही. दाराच्या जागी दार नाही, खिडकीच्या जागी स्काय. आत गवत, झुडपं, मेंढीचं असावं असं एक जुनं हाड आणि हरणांच्या लेंड्या. किल्ल्याच्या पडक्या भिंतींना एक रुबाब असतो, त्या पडतानाही बुरुजासारख्या पडतात. ही इमारत कामाच्या इमारतीसारखी पडली आहे. कुणाचं लक्ष नसताना.

मी बाहेरून फोटो काढत राहिले. आई सरळ आत गेली आणि धुराड्यापाशी उभी राहिली. चुलीच्या कोनाड्यात वाकून तिने दगडावर हात फिरवला.

“ही भट्टी. म्हणजे कपडे उकळायचे. मग पाणी?”

नदी समोरच. तिने मान डोलावली. पाणी, भट्टी, वारा. बरोबर आहे, म्हणाली, आणि लगेच: “पण उकळलेल्या चादरी उचलायच्या म्हणजे काय असतं माहितीय का तुला?”

मला माहीत नव्हतं. कपडे उकळणं म्हणजे काय, हे माझ्या पिढीला वॉशिंग मशीनच्या बटणावरच्या आकड्यापलीकडे ठाऊक नाही. त्या काळच्या मोठ्या घरांच्या लाँड्रीतली रीत अशी होती: विटांच्या बांधकामात बसवलेलं तांब्याचं मोठं भांडं, त्याच्या खाली जाळ. आधी कपड्यांची प्रतवारी, मग रात्रभर भिजवण, डाग पडले असतील तिथे साबण चोळणं, मग उकळणं, लाकडी दांड्याने ढवळणं. दांड्यानेच उचलून दुसऱ्या पिंपात टाकायचं. मग खळबळून काढायचं, तेही एकदा नाही. शेवटच्या पाण्यात नीळ. मग पीळ. मग वाळत घालणं, पांढऱ्या कापडाला गवतावर पसरून ऊन देणं. मग इस्त्री, आणि ती सपाट लोखंडी, दोन-तीन किलोंची, शेगडीवर तापवलेली. एक हातात, बाकीच्या तापत ठेवलेल्या, कारण ही थंड होते तोवर दुसरी तयार हवी. तापली की नाही हे बघायला थुंकीचा थेंब. झालरींसाठी निराळी चिमट्यासारखी इस्त्री. चादरींसाठी मँगल, म्हणजे दगडगोटे भरलेली भलीमोठी पेटी, लाकडी रुळांवर पुढेमागे ढकलायची. रुळांना गुंडाळलेल्या चादरी तिच्या वजनाने सपाट होतात.

नीळ म्हटल्यावर आईला घर आठवलं. आमच्याकडे रॉबिनची नीळ असायची. पांढऱ्या शाळेच्या गणवेशाला जास्त झाली की मुलं ‘निळ्या कोल्ह्या’ म्हणून चिडवायची. ती नीळ काढणारी रेकिट कंपनी मूळची इंग्लंडच्या हल गावची, १८४० मध्ये खळीच्या कारखान्यापासून सुरू झालेली, पुढे निळीतही उतरलेली. या भिंतींच्या आत कुठल्या छापाची पुडी फुटायची ते भिंतींना विचारायला नको. पण बादलीत निळीचं बोचकं फिरवताना पाण्यात जो निळा धूर पसरतो, तो इथेही पसरला असणार आणि लालबागच्या मोरीतही, हे आईने हाताने हवेत गोल फिरवून दाखवलं. बोचकं पिळायचं नाही, नुसतं फिरवायचं. पिळलं की डाग.

मी तिला सांगितलं की स्कॉटलंडमध्ये पूर्वी बायका कपडे पायांनी तुडवून धुवायच्या. लाकडी टबात दोघी उभ्या राहायच्या, घागरे गुडघ्यापर्यंत खोचून, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून. इंग्लंडहून येणारे प्रवासी ते बघून गार व्हायचे आणि वह्यांत लिहून ठेवायचे.

“गार व्हायला काय झालं?” आई म्हणाली. “गोधडी काय हाताने धुतात?”

ग्लासगोला असताना मी तिला शहरातल्या मोठ्या मैदानावर, ग्लासगो ग्रीनवर, नेलं होतं. तिथे हिरवळीत अजून बिडाचे नक्षीदार खांब उभे आहेत, कपडे वाळत घालायचे. शहराचं पहिलं सार्वजनिक धुणंघर १७३२ मध्ये तिथेच झालं. पुढे वस्त्यावस्त्यांतून अशी धुणीघरं निघाली, ग्लासगोत त्यांना ‘स्टीमी’ म्हणतात. धुणीघरं गेली, पण एखाद्याची भानगड गावभर झाली की ‘स्टीमीत चर्चा आहे’ असं लोक अजून म्हणतात. आमच्या चाळीत नळावर चर्चा असायची. तिथे धुणं हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालायचं काम होतं, शहराच्या ऐन मध्यावर, खांबसुद्धा नक्षीचे. इथे मात्र डोंगराआड.

का, याची दोन उत्तरं इथे येणाऱ्याला ऐकायला मिळतात. एक असं की वाड्याच्या खिडक्यांतून वाळत घातलेले कपडे दिसू नयेत. दुसरं जरा मिश्कीलपणे सांगतात: लाँड्रीत काम करणाऱ्या तरुण मुली आणि वाड्यातले पुरुष यांच्यात आठ किलोमीटर असलेले बरे. ही दुसरी गोष्ट सांगताना लोक हसतात. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मीही हसले होते. त्या धुराड्यापाशी उभं राहिल्यावर वाटलं, यात संशय कुणावर घेतलाय आणि सक्तमजुरी कुणाला झाली आहे ते बघा.

आईचं तिसरं उत्तर: वारा. “किनलॉकला बघ, डोंगराच्या कुशीत, सगळी ओल. तिथे चादर दोन दिवस वाळायची नाही. इथे बघ.” आणि तिने ओढणीचं टोक सोडून दाखवलं, ते सपकन आडवं झालं. मला हे पटलं. कामाची जागा निवडताना कुणीतरी काम करणाऱ्याला विचारलं असेल, अशी एक शक्यता त्यात होती. मग तीच म्हणाली, “पण वाराच हवा होता तर वाड्याच्या पुढ्यातही समुद्र आहे. पुढ्यात नको होतं, मागे हवं होतं. आमच्या आईला मागचा जिना होता ना, तसं.”

ही गोष्ट मला अर्धीमुर्धी ठाऊक होती. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. आप्पा रोज सकाळी डबा नसतानाही सातला उठून, कपडे करून, नाक्यावर जाऊन उभे राहायचे. पहिल्या दोन महिन्यांत घरातलं होतं ते संपलं. मग आजीने दादरच्या एका इमारतीत तीन घरचं धुणं धरलं. आई तेव्हा सोळा वर्षांची, दहावीचा निकाल लागलेला. आजीचा हात पिळून पिळून भरून यायचा म्हणून शनिवारी ती सोबत जायची. त्या इमारतीला पुढे रुंद जिना, फरशीचा, कठड्याला गुळगुळीत लाकूड. मागे लोखंडी गोल जिना, मोरीच्या दाराशी उघडणारा. आजीने तो पुढचा जिना तीन वर्षांत एकदाही चढला नाही. तिला कुणी मना केलं नव्हतं, असं आई सांगते. मना करायला आधी कुणाला तरी ते सुचावं लागतं.

“लोक वाईट नव्हते,” आई लगेच म्हणाली. “दिवाळीला साडी द्यायचे. मला चहा द्यायचे, कपबशीतून.” मग थोड्या वेळाने: “कपबशी वेगळी होती. पण बशीसकट.”

मी आम्ही चालून आलो तो रस्ता मागे वळून पाहिला. आठ किलोमीटर लांबीचा मागचा जिना. वर मळकं चढायचं, खाली घडी घातलेलं उतरायचं.

या बुलो मंडळींचा बेटाचा नकाशाच मला वास्तुशास्त्रासारखा वाटतो. पूर्वेला वाडा. नैऋत्येला, हॅरिस नावाच्या उजाड किनाऱ्यावर, ग्रीक देवळासारखे खांब असलेली घराण्याची समाधी. तिथे आधी एक समाधी बांधली होती, आत रंगीत फरश्या लावलेली. ती रेल्वे स्टेशनच्या शौचालयासारखी दिसते असं एक पाहुणा म्हणाला, म्हणून ती सुरुंगाने उडवून हे देऊळ बांधलं, अशी कथा आहे. आणि उत्तरेला मळके कपडे. अनोळखी माणसाने बेटावर पाऊल ठेवलेलं चालत नसे. त्या काळी आसपासच्या गावांत याला ‘बंदीचं बेट’ म्हणत.

पण बेट रिकामं झालं ते त्यांच्याही आधी. लाँड्रीच्या आजूबाजूला गवतात दगडांच्या बुटक्या रांगा दिसतात. मला वाटलं मेंढवाडे असतील. ती घरं होती. किलमोरी हे गाव होतं. १८२६ मध्ये रमवरच्या सुमारे तीनशे लोकांना बोटींत बसवून कॅनडाकडे, नोव्हा स्कोशियाला, धाडलं, आणि १८२८ मध्ये उरलेल्यांना. कारण मेंढ्या माणसांपेक्षा जास्त खंड देतात, असा हिशेब निघाला होता. पिढ्यानपिढ्या कसलेल्या जमिनीच्या लांब सरी उतरत्या उन्हात अजून उठून दिसतात, कुणी नुकताच नांगर फिरवावा तशा. थोड्या अंतरावर दफनभूमी आहे. तिथे एका दगडावर एकाच कुटुंबातली लहान मुलं आहेत, १८७० च्या दशकात घटसर्पाने काही दिवसांच्या अंतराने गेलेली. आई तिथे चप्पल काढून उभी राहिली. म्हणजे बूट. लेस सोडवायला तिला बराच वेळ लागला, तरी तिने ते काढलेच.

मग हरणं दिसली. वाळूवर. सात-आठ माद्या, तांबूस, काही तर समुद्राने फेकलेलं शेवाळ खात होत्या. आम्हाला बघून त्यांनी माना वर केल्या आणि पुन्हा खाली घातल्या. लेडी मोनिकाने १९५७ मध्ये हे बेट सरकारच्या निसर्गसंवर्धन संस्थेला २३,००० पौंडांना विकलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून किलमोरीच्या या भागात हरणं मारणं बंद आहे आणि इथल्या प्रत्येक हरणाची नोंद ठेवली जाते. जंगली सस्तन प्राण्यांचा इतका दीर्घ अभ्यास जगात फार थोड्या ठिकाणी झाला आहे. पाडस जन्मलं की त्याचं वजन होतं, कानाला खूण लागते. त्याची आई कोण, आजी कोण, कुठल्या वर्षी ती व्याली, किती पाडसं जगली, कुठे मेली, सगळं वहीत. जूनमध्ये माद्या वितात तेव्हा आणि शरदात नर झुंजतात तेव्हा पायी येणाऱ्यांनी या दरीत येऊ नये अशी विनंती असते, म्हणून तर मी आईला मे महिन्यात आणलं.

आईला हे फार आवडलं. तिने दोनदा विचारून घेतलं, प्रत्येकीची नोंद? प्रत्येकीची. म्हणजे ती तिकडची, जरा लंगडतेय, तिची पण? तिची पण, तिच्या आईची आणि आजीची पण.

आई बराच वेळ त्या लंगड्या मादीकडे बघत बसली. नंतर लाँड्रीकडे वळून तिने विचारलं, “आणि इथे किती जणी होत्या?”

ग्लासगोला परतल्यावर शोधीन, असं मी म्हटलं. ती काही बोलली नाही. पुडीतला उरलेला चिवडा तिने एका दगडावर ओतला, पाखरांसाठी, आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

परतीची वाट नेहमी लांब असते. आईचे गुडघे बोलायला लागले होते आणि मागून ढग येत होते. किनलॉकला पोचेपर्यंत सहा वाजले. लाल वाडा आपला बंद खिडक्यांनी खाडीकडे बघत उभा. त्याच्या मागच्या बाजूला नोकरांच्या खोल्या होत्या, त्यांत पुढे बरीच वर्षं पर्यटकांचं वसतिगृह चालायचं. म्हणजे राजेशाही खोल्या बघायला तिकीट आणि नोकरांच्या खोल्या झोपायला. आता दोन्ही बंद. आम्ही उतरलो होतो ते बंकहाऊस नवं, लाकडी, पाण्याच्या अगदी काठावर.

बंकहाऊसच्या बाजूला दोरी होती. सकाळी निघताना आम्ही ती पाहिली नव्हती, किंवा तेव्हा रिकामी होती म्हणून दिसली नव्हती. आता तिच्यावर सहा-सात पांढऱ्या चादरी फडफडत होत्या, रंगीत चिमटे लावलेल्या, सरळ खाडीसमोर. बोटीतून येणाऱ्याला आधी त्याच दिसाव्यात.

आणि पाऊस आला. इथला पाऊस आधी सांगत नाही, समोरचा डोंगर पुसला जातो आणि पाऊस अंगावर असतो. मी दाराकडे पळाले. वळून पाहिलं तर आई दोरीकडे पळत होती. गुडघे वगैरे सगळं विसरून. चिमटे काढून तोंडात धरत होती, चादरी खांद्यावर टाकत होती, आतून त्या बंकहाऊसची बाई धावत आली आणि दोघी एकमेकींच्या भाषेतला एक शब्द न कळता दोरीच्या दोन टोकांकडून मधे सरकत गेल्या.

आडोशाला आल्यावर त्या बाईने ओल्यांचा ढीग आत नेला. एक चादर कोरडी राहिली होती, मधली. आईने ती झटकली, तोंडातला चिमटा काढला आणि माझ्याकडे न बघताच दोन कोपरे पुढे केले.

“धर. ताण. अगं, ढिली नको सोडू, ताण. हां. आता ये इकडे.”